खोल पाण्यांतील मऊ मासा

मननासाठीं शास्त्रभाग : स्तोत्र १३९, योना, अध्याय २



वर दिलेले दोन्ही शास्त्रभाग ह्या आठवड्यांत घरीं मोठ्यानें वाचावे, अशी प्रथम विनंती आहे. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांस शाळेंत जाणाऱ्या मुलांनीं वाचून दाखवावे. पहिल्या भागांत स्तोत्रकर्ता सांगतो कीं, देवाची दृष्टि जेथें पोंचत नाहीं अशी जागा त्यानें आकाशांत, अधोलोकांत व समुद्राच्या पलीकडच्या कडेस शोधून पाहिली, परंतु ती त्यास सांपडली नाहीं. दुसऱ्या भागांत योना संदेष्टा समुद्राच्या पोटांतून हांक मारतो आणि त्याची हांक ऐकिली जाते.

आपणांपैकीं पुष्कळांनीं समुद्र पाहिलेला नाहीं. गांवची विहीर, पावसाळ्यांत भरून वाहणारी नदी, फार झालें तर एखादें धरण, एवढीच आपली पाण्याशीं ओळख. तरीहि आज मी तुम्हांस पृथ्वीवरील अतिशय खोल पाण्यांत नेऊं इच्छितों. कारण तेथें राहणाऱ्या एका लहानशा माशानें माझी एक मोठी चूक माझ्या पदरांत घातली. ती चूक आधीं कबूल करतों, मग माशाविषयीं सांगतों.

माझ्याकडे जीं गांवें आहेत त्यांपैकीं एका गांवीं आपल्या मंडळींतील एक वृद्ध विधवा भगिनी राहते. तिचा एकुलता एक मुलगा तापानें वारला. मी भेटीस गेलों तेव्हां ती जमिनीवर बसून, ऊर बडवून रडत होती. अंगणांत अन्यधर्मीय शेजारी उभे होते. त्यांच्यासमोर ख्रिस्ती घरांत असा आक्रोश व्हावा, ह्याची मला लाज वाटली. मी म्हणालों, “मावशी, आपण पुनरुत्थानावर विश्वास ठेवणारीं माणसें. मन दगडासारखें घट्ट करा.” तिनें पदरानें डोळे पुसले आणि ती गप्प झाली. मीं प्रार्थना केली, आणि आपलें काम चांगलें पार पडलें असें समजून घरीं आलों.

त्या दिवसापासून ती उपासनेस येईनाशी झाली. तीन महिन्यांनीं मी पुन्हां तिच्या घरीं गेलों व कारण विचारलें. ती रागावली नाहीं. शांतपणें म्हणाली, “पाळकसाहेब, तुम्ही दगड व्हा म्हणालां, तशी मी झालें. पण दगडाला प्रार्थना येत नाहीं.” मला उत्तर सुचलें नाहीं. सेमिनरींत शिकलेल्या विद्येंतहि तें सांपडेना.

त्यानंतर थोड्याच दिवसांनीं ह्या माशाचें वर्णन माझ्या वाचण्यांत आलें.

आशिया खंडाच्या पूर्वेस प्रशांत महासागर पसरलेला आहे. त्याच्या पश्चिम भागांत, ग्वाम नांवाच्या बेटाजवळ, समुद्राच्या तळास चंद्रकोरीसारखी एक लांब व अरुंद दरी आहे. तिला मारियाना गर्ता म्हणतात. तिची सर्वांत खोल जागा पाण्याच्या पृष्ठापासून सुमारें १०,९०० मीटर खालीं आहे. आपल्या महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई हें १,६४६ मीटर उंच आहे. अशीं पांच कळसूबाई एकावर एक रचलीं तर ८,२३० मीटर होतील. जवळजवळ तितक्या खोलीपर्यंत हा मासा राहतो.

१८७२ ते १८७६ ह्या वर्षांत ‘चॅलेंजर’ नांवाचें इंग्रजी जहाज समुद्रांची पाहणी करीत पृथ्वीभोंवतीं फिरलें. २३ मार्च १८७५ रोजीं ह्या भागांत खलाशांनीं वजन बांधलेली दोरी पाण्यांत सोडली, तेव्हां तळ लागला तो ८,१८४ मीटरांवर. त्या जहाजावर हर्बर्ट स्वायर नांवाचा एक तरुण अधिकारी होता. पुढें २०१४ व २०१७ सालीं शास्त्रज्ञांनीं आमिष लावलेले सापळे ह्या दरींत सोडून कांहीं मासे वर आणिले, आणि २०१७ सालीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध करतांना त्या जुन्या दर्यावर्दीच्या स्मरणार्थ ‘स्यूडोलिपारिस स्वायरी’ असें नांव ठेविलें. हे मासे सुमारें ६,९०० मीटरांपासून जवळजवळ ८,००० मीटरांपर्यंतच्या पाण्यांत मिळाले. ह्या माशाच्या कुळास इंग्रजी लोक गोगलगायीचें नांव देतात. म्हणून आपणहि त्यास सोईसाठीं गोगलमासा म्हणूं.

आतां विचार करा. एवढ्या खोल पाण्यांत राहणारा प्राणी कसा असेल? मीं तर मनांत एक भयंकर आकृति उभी केली होती : अंगावर कांसवासारखी ढाल, हाडें लोखंडासारखीं, दांत करवतीसारखे. परंतु गोगलमासा तसा मुळींच नाहीं. त्याची लांबी दीड वीतीच्या आंत. डोकें वाटोळें व शेपटी निमुळती, जणूं डबक्यांतील बेडकाचें पिल्लूच. रंग फिकट गुलाबी. अंगावर एकहि खवला नाहीं. कातडी इतकी पातळ कीं, पोटांतील काळीज बाहेरून दिसावें. हातांत घेतला तर बोटांतून निसटेल असा तो मऊ आहे. पृथ्वीवरील मोठ्यांतील मोठ्या भाराखालीं देवानें जो मासा ठेविला, तो असा आहे.

तो भार किती, हेंहि समजून घ्या. पाण्यांत दर दहा मीटर खालीं जावें तसा अंगाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरावर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर, सुमारें एक किलोचा भार वाढतो. आठ हजार मीटरांवर तो आठशें किलोंहून अधिक होतो. शंभर किलोंचीं ज्वारीचीं आठ पोतीं एका नखावर ठेविलीं आहेत, आणि अशींच आठ-आठ पोतीं अंगाच्या प्रत्येक नखभर जागेवर आहेत, अशी कल्पना करा. शिवाय तेथें सूर्याचा एकहि किरण पोंचत नाहीं, आणि पाणी बर्फाच्या पाण्याइतकें गार असतें.

मनुष्य ह्या दरीच्या तळाशीं प्रथम गेला तो २३ जानेवारी १९६० रोजीं. जाक पिकार व डॉन वॉल्श हे दोघे ‘त्रिएस्त’ नांवाच्या यानांत बसून उतरले. ज्या पोलादी गोलांत ते बसले होते त्याची भिंत जवळजवळ तेरा सेंटीमीटर जाड होती. सुमारें ९,००० मीटरांवर बाहेरच्या एका खिडकीस तडा गेला, आणि सर्व यान हादरलें. तळाशीं ते सुमारें वीस मिनिटें राहिले व परत निघाले. तेरा सेंटीमीटर पोलादाच्या आड बसून मनुष्य जेथें घटकाभर टिकला, त्याच दरींत गोगलमासा पातळ कातडीनिशीं जन्मतो, खातो, अंडीं घालतो आणि आपलें आयुष्य काढतो. हें कसें घडतें? ह्या प्रश्नाच्या उत्तरांत आपल्यासाठीं चार गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट ही कीं, त्याच्या आंत बंद केलेली पोकळी नाहीं.

विहिरींत बुडी मारणाऱ्या कोणत्याहि मुलास विचारा. दोन-तीन पुरुष खोल गेलें कीं कान ठणकूं लागतात. हात दुखत नाहीं, पाय दुखत नाहीं. कानच दुखतो, कारण पडद्याच्या आंत हवा कोंडलेली असते. पत्र्याचा रिकामा डबा घट्ट झांकण लावून फार खोल पाण्यांत सोडला तर तो चेपून जाईल. तोच डबा पाण्यानें कांठोकांठ भरून सोडला तर कितीहि खोल गेला तरी जसाच्या तसा वर येईल. कारण जितका भार बाहेरून आंत रेटतो तितकाच आंतून बाहेर रेटतो. पुष्कळ माशांच्या पोटांत तरंगण्यासाठीं हवेची पिशवी असते. गोगलमाशास ती नाहीं. तिच्या ऐवजीं त्याच्या कातडीखालीं पाणीदार, थलथलीत असा थर आहे. तो हाडामांसाहून हलका असल्यामुळें मासा तळाशीं रुतून बसत नाहीं. त्रिएस्तच्या गोलांत हवा होती, म्हणून त्यास पोलाद लागलें. माशाच्या अंगांत पाणीच आहे, म्हणून त्यास कातडी पुरली.

येथें मला माझी चूक दिसली. मीं त्या माउलीस पोलाद होण्यास सांगितलें होतें. पोलाद तिच्याजवळ नव्हतें. तिनें काय केलें? दुःख आंत कोंडलें आणि वर झांकण लाविलें. आंत पोकळी झाली, आणि त्या पोकळीवर सारा समुद्र येऊन बसला. बंधूंनो, जें मन देवापुढें उघडें आहे तें मऊ असूनहि चेपत नाहीं. जें मन बंद आहे तें कठीण असूनहि फुटतें. स्तोत्रांच्या पुस्तकांत किती विलाप आहेत ते मोजून पाहा. योनानें माशाच्या पोटांत आपण धीट असल्याचा आव आणिला नाहीं. लाटा डोक्यावरून गेल्या, शेवाळ डोक्यास गुंडाळलें, असें तो उघड सांगतो. लाजराच्या कबरेपाशीं आपला प्रभु रडला, आणि तो तर लाजरास उठविण्यासाठींच तेथें आला होता. पुनरुत्थान स्वतःच्या हातीं असतांना जो रडला, त्याच्या अनुयायांनीं रडूं नये असें सांगणारा मी कोण?

दुसरी गोष्ट ही कीं, ह्या माशाचें बळ बाहेरून दिसत नाहीं. तें त्याच्या शरीराच्या कणाकणांत सांठविलेलें आहे.

आंतबाहेर पाणी असलें म्हणजे मासा चेपत नाहीं, हें खरें. पण एवढ्यानें तो जगणार नाहीं. शरीरांतील सर्व कामें प्रथिनें नांवाच्या अति सूक्ष्म वस्तूंकडून होतात. प्रत्येक प्रथिनाची एक ठराविक घडी असते, आणि घडी मोडली कीं त्याचें काम थांबतें. मोठ्या भाराखालीं पाणी त्या घडीशीं झोंबून ती बिघडवितें. म्हणून खोल पाण्यांतील मासे आपल्या शरीरांत एक पदार्थ सांठवितात. त्याचें नांव ट्रायमिथिलअमीन ऑक्साइड असें लांबलचक आहे. तो प्रथिनांची घडी मोडूं देत नाहीं. मासा जितका खोल राहणारा, तितका हा पदार्थ त्याच्या अंगांत अधिक, असें आढळून आलें आहे. नांव नवें वाटलें तरी तुमची त्याच्याशीं ओळख आहे. आठवडेबाजारांत सुके बोंबील विकावयास येतात, त्यांचा वास दूरवर येतो कीं नाहीं? समुद्राच्या सर्वच माशांत हा पदार्थ थोडाबहुत असतो. मासा मेला म्हणजे तो कुजून त्यापासून तो वास उत्पन्न होतो. नदीच्या माशांत हा पदार्थ फार थोडा, म्हणून त्यांस तसा वास येत नाहीं.

दुसरेंहि एक उदाहरण घ्या. थंडीच्या दिवसांत तूप थिजतें, पण करडईचें तेल पातळच राहतें. शरीरांतील प्रत्येक पेशीभोंवतीं स्निग्ध पदार्थांचें एक पातळ वेष्टन असतें. मोठा भार पडला कीं तेंहि थंडींतल्या तुपासारखें घट्ट होऊं पाहतें, आणि घट्ट झालें तर पेशींत कांहीं आंत जाणार नाहीं कीं बाहेर येणार नाहीं. म्हणून खोल पाण्यांतील प्राण्यांच्या वेष्टनांत तुपासारखे पदार्थ कमी व तेलासारखे अधिक असतात. भाराखालीं जगण्यासाठीं आंतून पातळ व वाहतें राहावें लागतें, हा तेथील नियम आहे.

हा सांठा संकटाच्या दिवशीं धांवत जाऊन आणतां येत नाहीं. माशानें तो भार आल्यावर शोधिला नाहीं. तो त्याच्या घडणींतच आहे. आपली गोष्ट तशीच आहे. रोज सकाळीं कामास जाण्यापूर्वीं केलेली दोन मिनिटांची प्रार्थना, रात्रीं दिवा मालवण्यापूर्वीं मुलांस सांगितलेली शुभवर्तमानांतील एक गोष्ट, आठवड्यास पाठ केलेलें एक वचन, ह्या गोष्टी चांगल्या दिवसांत क्षुल्लक वाटतात. कोणी त्या पाहत नाहीं. परंतु भार आला म्हणजे मनाची घडी त्याच सांभाळतात. ज्यांच्या घरीं आज सुख आहे त्यांस मी विनंती करतों कीं, त्यांनीं आजच सांठवावें.

तिसरी गोष्ट ही कीं, ज्याची तेथें गरज नाहीं तें ह्या माशापासून गेलें आहे, आणि ज्याची गरज आहे तें त्यास तेथेंच मिळतें.

२०१९ सालीं चीनमधील शास्त्रज्ञांनीं ह्या माशाच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जनुकें म्हणजे आईबापांकडून आलेला शरीराचा लेखी नकाशा होय. हाडें कठीण करण्याच्या कामीं येणारें एक जनुक ह्या माशांत निकामी झालेलें आढळलें. म्हणून त्याचा सांपळा बहुतांशीं कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानाच्या वरच्या भागासारखा लवचीक आहे, आणि त्याची कवटी पूर्ण मिटलेली नाहीं. पाहण्याच्या कामाचीं अनेक जनुकेंहि गेलीं आहेत. जेथें उजेड नाहीं तेथें डोळ्यांचें काम तें काय? त्याच्या जबड्याभोंवतीं मात्र बारीक खळगे आहेत, त्यांच्या योगानें पाण्याची किंचित् हालचालहि त्यास समजते.

आणि अन्न? मला वाटलें होतें कीं, एवढ्या खोल जागीं हा बिचारा उपाशीं असेल. पण तसें नाहीं. वरच्या पाण्यांत मेलेल्या जीवांचे कण रात्रंदिवस हळूहळू खालीं पडत असतात. दरीच्या दोन्ही उतारांवरून घसरत ते तळाकडे गोळा होतात, जसा डोंगरावरचा पालापाचोळा ओढ्यांत गोळा होतो. त्यांवर कोळंबीच्या जातीचे लहान प्राणी झुंडीनें जगतात. गोगलमासा त्यांस तोंडानें ओढून घेतो आणि घशांत जे दुसरे जबडे आहेत त्यांनीं चिरडतो. पकडलेल्या माशांचीं पोटें भरलेलीं होतीं. त्यास खाणारा मोठा मासा तेथें नाहीं. अंडीं तो थोडीं घालतो, पण तीं वाटाण्याएवढीं मोठीं असतात.

ह्यावरून मी असें म्हणत नाहीं कीं, दुःखाच्या दरींत सर्व कांहीं भरपूर असतें. परंतु त्या दरींतहि वरून कांहींतरी उतरत असतें, हें मीं स्वतः पाहिलें आहे. मुलगा वारल्यावर त्या भगिनीच्या घरीं चूल पेटली नाहीं. तिला कोणीं जेवूं घातलें, हें मीं पुढें विचारलें. ज्या शेजाऱ्यांसमोर ती रडली म्हणून मला लाज वाटली होती, त्यांनींच पंधरा दिवस भाकरी-कालवण आणून तिला बळेंच दोन घांस भरविले होते. देवानें तिच्यासाठीं अन्न खालीं सोडिलें, आणि तें पोंचविणारे हात मीं ओळखिले नाहींत. मी त्यांच्यासमोर आपल्या धर्माची अब्रू सांभाळीत बसलों होतों.

चौथी गोष्ट ही कीं, ह्या माशासहि मर्यादा आहे.

गोगलमाशाच्या जवळच्या नात्यांतील एक मासा २०२२ सालीं जपानच्या दक्षिणेस, इझु-ओगासावारा नांवाच्या दरींत, ८,३३६ मीटरांवर दिसला व त्याचें चित्र घेतलें गेलें. त्याहून खोल मासा छायाचित्रांत टिपला गेल्याचें माझ्या वाचण्यांत नाहीं. त्याचें कारण शास्त्रज्ञ असें देतात : खोली वाढते तसा मघाशीं सांगितलेला पदार्थ अधिक लागतो, परंतु सुमारें ८,२०० ते ८,४०० मीटरांच्या सुमारास तो इतका वाढतो कीं, माशाच्या अंगांतील द्रव समुद्राच्या पाण्याहूनहि दाट होऊं लागतो, आणि मग बाहेरचें पाणी अंगांत शिरूं पाहतें. जो पदार्थ माशास तारतो, तोच त्यापुढें त्यास पुरा पडत नाहीं. त्रिएस्तमधील दोघांनीं तळाशीं चपटा मासा पाहिल्याचें सांगितलें होतें, परंतु ह्याच कारणास्तव पुष्कळ शास्त्रज्ञ तें मान्य करीत नाहींत. त्याहून खालीं समुद्रकाकडीसारखे दुसरे प्राणी आहेत. पण मासा नाहीं.

उपदेशक बंधूंनो, हें विशेषेंकरून तुमच्यासाठीं व माझ्यासाठीं आहे. एका घरीं गेल्यावर आपण म्हणतों, “पलीकडच्या गांवच्या अमक्याचीं दोन मुलें गेलीं, तरी तो डगमगला नाहीं.” असें बोलूं नये. समुद्रकाकडी जेथें जगते तेथें मासा कां जगत नाहीं, म्हणून कोणी माशास दोष देत नाहीं. प्रत्येक जीवाचें माप त्यास घडविणाऱ्यानें ठरविलें आहे, आणि तें माप त्यास ठाऊक आहे. आपल्याला तें ठाऊक नाहीं. म्हणून ओझें वाहणाऱ्यास शाबासकी देत दूर उभें राहूं नये. जवळ जाऊन एक कड धरावी. पौलानें गलतीकरांस हेंच लिहिलें आहे कीं, एकमेकांचीं ओझीं वाहण्यानें ख्रिस्ताचा नियम पुरा होतो.

येथेंच आणखी एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे, नाहीं तर माशाच्या ह्या गोष्टीचा दुरुपयोग होईल. समुद्राचा भार देवानें घातला, आणि त्या भारासाठींच त्यानें तो मासा घडविला. त्यास वर आणिलें तर त्याचें मऊ अंग टिकत नाहीं. परंतु मनुष्यावर येणारा प्रत्येक भार असा नव्हे. सावकारानें कोऱ्या कागदावर आंगठा घेऊन वाढविलेलें व्याज देवाच्या हातचें नव्हे. दारूच्या नशेंत बायकोवर उगारलेली काठी देवाच्या हातची नव्हे. जातीच्या नांवानें पाणवठ्यावर केलेला अपमान देवाच्या हातचा नव्हे. अशा माणसास “सोसा, देव तुम्हांस घडवीत आहे” असें सांगणारा उपदेशक त्या भारावर स्वतःचेंहि वजन घालतो. मुलगा तापानें गेला, तेथें आपण बसून रडावें. व्याजानें शेत चाललें आहे, तेथें रडून न थांबतां त्या भावाबरोबर तहशील कचेरींत जावें, कागद वाचून दाखवावे, जाणत्या माणसास भेटवावें. कोणता भार सोसावयाचा व कोणता उतरवावयाचा, हें ओळखण्याची बुद्धि देवाजवळ मागावी. ती मागितल्यावांचून कोणाच्या घरांत पाऊल टाकूं नये.

शेवटीं एकच विचार तुमच्यापुढें ठेवितों. मनुष्य त्या दरींत गेला तो पोलादी गोलांत बसून, वीस मिनिटांसाठीं, आणि खिडकींतून पाहून परत आला. पुष्कळदां आपणहि दुःखी माणसाच्या घरीं असेच जातों. आपल्याभोंवतीं शहाणपणाची, वचनांची, पाळकपणाची जाड भिंत असते. खिडकींतून पाहतों, वीस मिनिटें बसतों, प्रार्थना करतों आणि वर निघून येतों. देवाचा पुत्र आमच्याकडे असा आला नाहीं. तो आमच्या मांसांत आला. पातळ कातडीनें आला. तिला कांटा बोचला कीं रक्त निघत होतें. गेथशेमानेंत जेव्हां सर्व भार त्याच्यावर आला, तेव्हां तो दगड झाला नाहीं. तो घामानें भिजला, मित्रांस जागे राहा म्हणाला, आणि बापास हांक मारली. स्तोत्रकर्त्यास देवावांचून रिकामी अशी जागा सांपडली नाहीं, ह्याचें खरें कारण आपणांस वधस्तंभापाशीं समजतें. जेथें जेथें मनुष्य खोल गेला आहे, तेथें तो आधींच उतरलेला आहे.

हें सर्व माझ्या मनांत उतरल्यावर मी त्या भगिनीकडे पुन्हां गेलों. ह्या वेळीं मीं उपदेश केला नाहीं. मी म्हणालों, “मावशी, माझें चुकलें. तुम्ही रडा; मी बसतों.” ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग तिनें मुलाचा सदरा पेटींतून काढून मला दाखविला, आणि आम्ही दोघेंहि रडलों. आतां ती उपासनेस येते. तिचें दुःख गेलें असें मी म्हणणार नाहीं. गायनाच्या वेळीं तिचा आवाज मध्येंच थांबतो, आणि शेजारची बाई तिच्या पाठीवर हात ठेवते. परंतु प्रार्थनेच्या वेळीं ती आतां बोलते. थोडेंच बोलते, पण बोलते.

प्रिय वाचकहो, तुमच्या मंडळींत असें कोणी अलीकडे गप्प झालें आहे काय? ह्या रविवारीं उपासनेनंतर त्याच्या किंवा तिच्या घरीं जा. बरोबर थोडी भाकरी न्या. बोलण्याची घाई करूं नका.

आपण प्रार्थना करूं : हे दयाळू बापा, खोल पाणी तुझें आहे आणि त्यांतील लहानसा मासाहि तुझा आहे. ज्यास आम्ही दुबळा म्हटलें असतें त्यास तूं सर्वांत मोठ्या भाराखालीं सुरक्षित ठेविलें आहेस. आमच्या मंडळींत जे आज खोल पाण्यांत आहेत त्यांचें मन तुझ्यापुढें उघडें राहूं दे. आम्हांस त्यांच्याजवळ बसण्याची नम्रता दे, आणि मनुष्यांनीं लादिलेलीं ओझीं उतरविण्याचें धैर्य दे. येशूच्या नांवानें मागतों. आमेन.